आघाडी की युती? रशियातल्या लाल-राष्ट्रवादी विरोधकांपैकी प्रबंधाला कोणती घ्यावी

सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी एका मांडवाखाली कसे आले, हा विषय प्रबंधासाठी घेणाऱ्यांपुढे शेवटी दोन नावं उरतात. एक, २४ ऑक्टोबर १९९२ ला मॉस्कोत स्थापन झालेली राष्ट्रीय बचाव आघाडी. दुसरी, ७ ऑगस्ट १९९६ ला उभी राहिलेली जन-देशभक्त युती. पुढे मी त्यांना नुसतं ‘आघाडी’ आणि ‘युती’ म्हणेन. २००३ ची रोदिना ही निवडणूक आघाडी बाजूला ठेवतो. तिच्या जन्मात क्रेमलिनचा हात किती होता, या वादातच सगळी पानं संपतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन, त्यांच्या आर्थिक सुधारणा राबवणारे गैदार, १९९२ ची दरवाढ, व्हाइट हाउसवर म्हणजे मॉस्कोतल्या संसदेच्या इमारतीवर झालेला रणगाड्यांचा मारा ही ढोबळ गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. इथे प्रश्न एवढाच आहे की वर्ष-दीड वर्ष ज्याच्याबरोबर काढायचं ते प्रकरण कोणतं असावं. मी एम.फिल.च्या वेळी दोन्हींचं साहित्य जमवलं, दोन्ही वाचलं आणि मग एक ठेवलं. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दुसरी बाजूही नीट मांडतो.

आधी युती. बहुतेक मार्गदर्शक तीच सुचवतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. युतीमागे आकडे आहेत. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६ जून १९९६ च्या पहिल्या फेरीत येल्त्सिन यांना ३५ टक्के आणि कम्युनिस्ट नेते झ्युगानोव यांना ३२ टक्के मतं पडली. ३ जुलैच्या दुसऱ्या फेरीत ५३.८ विरुद्ध ४०.३. हरूनही हाताशी आलेली ही चाळीस टक्के मतं विखरू नयेत म्हणून महिन्याभरात युती बांधली गेली. अध्यक्ष झ्युगानोव, कार्यकारी समितीवर माजी सोव्हिएत पंतप्रधान निकोलाय रिझकोव, सोबत माजी उपराष्ट्राध्यक्ष रुत्स्कोई, तुलेयेव, कृषक पक्षाचे लापशिन, पोदबेरेझकिन. त्यानंतरच्या हिवाळ्यात प्रांतांच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुका झाल्या आणि तिथे युतीच्या पाठिंब्याची माणसं निवडून येऊ लागली: कुर्स्कमध्ये रुत्स्कोई, क्रास्नोदारमध्ये कोन्द्रातेन्को, मार्च १९९७ मध्ये तुलात स्तारोदुब्त्सेव. ‘लाल पट्टा’ म्हणून जो भाग ओळखला जायचा त्याचा नकाशा प्रांतवार रंगवता येतो. कोष्टकं होतात, आलेख होतात, परीक्षकाला बोट ठेवायला जागा मिळते. शिवाय युतीचं आयुष्य २००४ पर्यंतचं आहे, म्हणजे बदल टिपायला भरपूर वर्षं मिळतात. संख्याशास्त्र ज्यांच्या हातचं आहे आणि ज्यांना वेळेत प्रबंध सादर करायचाय त्यांच्यासाठी युती हा सुरक्षित विषय आहे, हे मी मनापासून सांगतो.

तरी मी ती घेतली नाही. त्याचं कारण एकच, पण ते रोज आडवं यायचं.

युतीत ‘नाही’ म्हणू शकेल असा राष्ट्रवादी मला सापडेना.

आघाड्यांचा अभ्यास म्हणजे शेवटी काय असतं? दोन वेगळ्या पक्षांना एखाद्या प्रश्नावर वेगळं वाटतं, मग घासाघीस होते, कुणीतरी माघार घेतं, कुणीतरी रुसून बाहेर पडतं. ती घासाघीस हाच अभ्यासाचा ऐवज. युतीचा कुठलाही निर्णय घ्या आणि तो कुठे झाला याचा माग काढत मागे जा, वाट रशियन संघराज्याच्या कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या दारातच संपते. निवेदनाखाली सही झ्युगानोव यांची. ती पक्षाध्यक्ष म्हणून आहे, संसदेतला गटनेता म्हणून आहे की युतीचा अध्यक्ष म्हणून, हे कागदावरून कळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याने फरकही पडत नाही. मी एकेक निवेदन ‘पक्ष’ आणि ‘युती’ अशा दोन फायलींत लावायला घेतलं होतं. पक्षाची फाइल फुगत गेली आणि युतीच्या फाइलमध्ये स्थापनेचे ठराव, शुभेच्छा आणि वर्धापनदिनाची भाषणं उरली.

संसदेतही तेच. दूमामध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, युतीचा स्वतःचा असा गट कधी नव्हता. कम्युनिस्टांचा गट होता आणि त्याच्या आजूबाजूला कृषक गट आणि रिझकोव आणि राष्ट्रवादी नेते बाबुरिन यांचा ‘नारोदोव्लास्तिये’ (जनसत्ता) गट. नोंदणीसाठी किमान ३५ सदस्य लागत. ती संख्या भरावी म्हणून कम्युनिस्टांनी आपले निवडून आलेले सदस्य या दोन्ही गटांना उसने दिले होते. मित्रपक्षाची संख्याच जर तुमच्या उसन्या माणसांवर उभी असेल, तर त्याच्या मताला वजन कुठून येणार? या गटांची मतं कम्युनिस्टांपासून कितपत वेगळी पडतात हे तपासायला बसलं की आपण अनेक पक्षांची एकजूट मोजतोय की एकाच पक्षाच्या तीन खोल्या, असा प्रश्न पडतो.

आणखी एक तारीख पाहा. ७ ऑगस्ट १९९६ ला युती स्थापन झाली. १० ऑगस्टला दूमाने येल्त्सिन यांचे पंतप्रधान म्हणून चेर्नोमिर्दिन यांना ३१४ मतांनी मान्यता दिली. कम्युनिस्टांची बरीच मतं त्यात होती. एप्रिल १९९८ मध्ये किरियेन्को यांनाही, दोनदा नाकारल्यावर, गुप्त मतदानात २५१ मतं मिळाली. लागत होती २२६. नव्या देशभक्त मित्रांना हे आधी विचारलं होतं का, त्यांनी आक्षेप घेतला का, घेतला असेल तर कुठल्या बैठकीत? मला असं काही हाती लागलं नाही. आणि राष्ट्रवादी विचार म्हणाल तर तो झ्युगानोव यांच्या स्वतःच्या भाषणांत इतका भरलेला होता की त्यासाठी वेगळ्या जोडीदाराची गरजच उरली नव्हती. कम्युनिस्ट पक्ष आतून राष्ट्रवादी कसा झाला, हा प्रश्न उत्तम आहे. मात्र तो एका पक्षाचा प्रश्न आहे, अनेक पक्षांच्या एकजुटीचा नव्हे.

शेवटही पक्षाच्या घरातच झाला. १९९९ च्या निवडणुकीत लापशिन यांचे कृषक मॉस्कोचे महापौर लुझकोव आणि माजी पंतप्रधान प्रिमाकोव यांच्या बाजूला गेले, पोदबेरेझकिन वेगळे लढले. २००० मध्ये तुलेयेव अध्यक्षपदासाठी झ्युगानोव यांच्याच विरोधात उभे राहिले आणि पुढे सत्ताधारी युनायटेड रशियाकडे वळले. २००४ मध्ये युतीच्या कार्यकारी समितीचे प्रमुख सेमिगिन यांची कम्युनिस्ट पक्षातून हकालपट्टी झाली आणि युतीचं नाव कुणाचं यावरून ओढाताण सुरू झाली. म्हणजे जाताना जो वाद झाला तोही पक्षांतर्गतच.

आता आघाडी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आघाडीच्या नेत्यांची यादी वाचली की ही माणसं एका टेबलाभोवती बसलीच कशी, हा प्रश्न आपसूक पडतो. कार्यकारी समितीचे प्रमुख इल्या कोन्स्तान्तिनोव. लेनिनग्राडच्या विरोधी वर्तुळात वावरलेले, बॉयलरच्या भट्टीवर काम केलेले आणि १९९० मध्ये लोकशाहीवाद्यांच्या लाटेत संसदेवर निवडून आलेले. मिखाइल अस्ताफ्येव १९१७ पूर्वीच्या कॅडेट (घटनात्मक लोकशाहीवादी) पक्षाचं नाव पुन्हा लावणाऱ्या गटाचे, तेही आधी येल्त्सिन यांच्याच बाजूचे. राजकीय परिषदेवर गणितज्ञ इगोर शाफारेविच, सोव्हिएत काळात लेखक सोल्झेनित्सिन यांच्या जवळचे, राजवटीला उघड विरोध करणारे. त्यांच्याच शेजारी जनरल मकाशोव, ज्यांनी गोर्बाचेव यांच्याविरुद्धच्या ऑगस्ट १९९१ च्या बंडाला पाठिंबा दिला होता. शिवाय झ्युगानोव, बाबुरिन, कर्नल अल्क्स्निस, कादंबरीकार वालेन्तिन रासपुतिन, ‘द्येन’ या वर्तमानपत्राचे संपादक प्रोखानोव. एकाने ज्या राजवटीत छळ सोसला, दुसऱ्याने त्याच राजवटीचा गणवेश घातलेला. दोघांना जोडणारं होतं ते डिसेंबर १९९१ मधलं सोव्हिएत संघाचं विघटन आणि २ जानेवारी १९९२ ला भावांवरचं नियंत्रण उठल्यावर पेन्शनरांच्या बचतीचं झालेलं पाणी. हे लोक विक्षिप्त होते असं समजून वाचू नका. आयुष्यभराची पुंजी काही महिन्यांत गेलेली लाखो माणसं त्यांच्यामागे होती, आणि त्या माणसांचा राग खरा होता.

इथे मराठी विद्यार्थ्याला संयुक्त महाराष्ट्र समिती आठवते. डांगे, एस. एम. जोशी, शेतकरी कामगार पक्ष आणि १९५७ च्या निवडणुकीला त्याच छत्राखाली जनसंघसुद्धा. तुलना मोहात पाडणारी आहे, पण जपून करा. समितीपुढे मुंबईसह महाराष्ट्र ही एकच ठोस मागणी होती आणि १ मे १९६० ला ती पुरी झाली. आघाडीला येल्त्सिन यांचं सरकार जायला हवं होतं, यावर सगळ्यांचं एकमत. ते गेल्यावर काय, यावर कुणाचंच नव्हतं. कुणाला सोव्हिएत संघ परत हवा, कुणाला १९१७ पूर्वीचा रशिया.

आणि हा मतभेद कागदावर दिसतो. तीच तर आघाडीची खासियत. अनपिलोव यांच्यासारखे कट्टर रस्त्यावरचे कम्युनिस्ट ‘पांढऱ्यां’शी, म्हणजे १९१७ ची क्रांती न मानणाऱ्यांशी, हातमिळवणी नको म्हणून अंतर राखून होते, आणि मकाशोव यांच्या आघाडीत जाण्यावर त्यांच्या बाजूच्यांनी टीका केली. बाबुरिन १९९३ मध्ये आघाडीतून बाहेर पडले. माणसं आत येतात, भांडतात, दार आपटून जातात. युतीच्या कागदांत जे शोधून सापडत नाही ते इथे पानोपानी आहे.

घटनाक्रमही दाटीचा आहे. स्थापनेनंतर चारच दिवसांनी, २८ ऑक्टोबर १९९२ ला, येल्त्सिन यांनी हुकूम काढून आघाडीवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च संसदेत, सरकारच्या प्रमुखपदावरून गैदार गेले आणि चेर्नोमिर्दिन आले. मग १२ फेब्रुवारी १९९३ ला झोर्किन यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. एका राजकीय संघटनेवर अध्यक्षांनी हुकमाने घातलेली बंदी न्यायालयाने उठवणं ही तेव्हाच्या रशियात मोठी गोष्ट होती. कायद्याची आवड असेल तर प्रबंधाचं एक प्रकरण एवढ्यावर सहज उभं राहतं.

माझ्या लेखी सगळ्या विषयाची किल्ली मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आहे. १३ आणि १४ फेब्रुवारीला मॉस्कोजवळ कम्युनिस्ट पक्षाचं पुनरुज्जीवन अधिवेशन भरलं आणि झ्युगानोव त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९९२ च्या निकालात याच न्यायालयाने बंदी आलेल्या जुन्या पक्षाच्या स्थानिक शाखांना पुन्हा संघटित व्हायला वाट मोकळी केली होती. म्हणजे आघाडी कायदेशीररीत्या जिवंत झाली त्याच आठवड्यात तिच्यातल्या कम्युनिस्टांना स्वतःचं घर परत मिळालं. घर मिळाल्यावर भाड्याच्या जागेत कोण राहतो? तिथून पुढे आघाडी पोकळ होत जाते. कार्यकर्ते, स्थानिक समित्या, निवडणुकीचा अनुभव, सगळं हळूहळू पक्षाकडे सरकतं आणि आघाडीकडे सभा, घोषणा आणि रस्ता उरतो.

आघाडीविरुद्धचा नेहमीचा आक्षेप याच जागी निकालात निघतो असं मला वाटतं. आक्षेप असा: आघाडी आपल्या अंगभूत दोषांनी मोडली की रणगाड्यांनी मोडली हे कधीच कळणार नाही, कारण ४ ऑक्टोबर १९९३ नंतर ती उरलीच नाही, आणि डिसेंबरच्या निवडणुकीत तिला उतरता आलं नाही. आक्षेप वजनदार आहे. ऑक्टोबरचा धूर मागच्या सगळ्या पानांवर पसरतो, आणि ज्याचं त्याचं लिखाण अखेर ओस्तांकिनोचं टीव्ही केंद्र आणि व्हाइट हाउस इथल्या रक्तपाताच्या हिशोबात अडकतं. यावर माझा उपाय साधा: अभ्यासाचा काळ २१ सप्टेंबर १९९३ ला, म्हणजे येल्त्सिन यांनी संसद बरखास्त केली त्या दिवशी थांबवा. ऑक्टोबर १९९२ ते सप्टेंबर १९९३, अकरा महिने. त्यात बंदी आहे, न्यायालय आहे, २८ मार्चचा महाभियोगाचा प्रयत्न आहे (६१७ मतं पडली, हवी होती ६८९), २५ एप्रिलचं जनमत आहे, ज्यात येल्त्सिन यांच्यावर ५८.७ टक्क्यांनी विश्वास दाखवला, आणि १ मेची मॉस्कोतली चकमक आहे, जिच्यात एक पोलीस प्राणाला मुकला. रणगाडे येण्याआधीच आघाडीतली फूट दिसू लागलेली असते. त्यानंतरचं एक परिच्छेदात सांगता येतं: ऑक्टोबरच्या सुरुवातीला झ्युगानोव यांनी टीव्हीवरून लोकांना चकमकींपासून लांब राहायला सांगितलं आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या पक्षाने १२.४ टक्के मतं मिळवली. कोन्स्तान्तिनोव आणि मकाशोव तुरुंगात गेले आणि फेब्रुवारी १९९४ च्या माफीने सुटले.

‘पण मोजणार काय?’ असं मार्गदर्शक विचारतील. आघाडी निवडणूक लढली नाही, हे खरं. तिची माणसं मात्र लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसमध्ये बसलेली होती. तिथे एप्रिल १९९२ पासून ‘रोसीस्कोये येदिन्स्त्वो’ (रशियन एकता) हा कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी गटांचा मिळून गट होता. काँग्रेसमधल्या नावनिशीवार मतदानाच्या नोंदी घेतल्या, तर कम्युनिस्ट गट आणि राष्ट्रवादी गट कोणत्या प्रश्नावर एकत्र राहिले आणि कोणत्या प्रश्नावर फुटले हे पाहता येतं. महाभियोगाचं मतदान गुप्त होतं, ते सोडून द्या. जमिनीच्या खासगी मालकीचा प्रश्न मी पहिला घेईन, कारण तिथे लाल आणि पांढरे यांचं तत्त्वतः जमायला नको. सदस्यसंख्येचे दावे मात्र धरून बसू नका. आघाडीचे नेते मोठे आकडे सांगत आणि ते पडताळायला काही साधन नाही.

वाचनाच्या सोयीबद्दल माझा अनुभव सांगतो, तुमचा वेगळा असू शकतो. रशियन मध्यम येत असेल तर आघाडीचं साहित्य लवकर पुढे सरकतं. ते वर्तमानपत्री आहे, छोटं आहे, रागात लिहिलेलं आहे. युतीचे ठराव म्हणजे जुन्या पक्षकचेरीची लांबलचक वाक्यं. एका परिच्छेदात क्रियापद शोधेपर्यंत चहा गार होतो आणि शेवटी हाती एखादं आवाहन लागतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे. आघाडीच्या आसपासच्या छापील मजकुरात ज्यूद्वेष भरपूर आहे आणि तो वाचणं त्रासदायक आहे. युती घेतल्याने त्यातून सुटका होत नाही. १९९८ च्या शरदात मकाशोव, जे तेव्हा कम्युनिस्ट खासदार होते, जाहीरपणे ज्यूंविरुद्ध बोलले आणि दूमामध्ये त्यांच्या निषेधाचा ठराव मंजूर होऊ शकला नाही. कुठलाही विषय घ्या, हा भाग प्रबंधात पूर्ण लिहा. तो तळटीपेत ढकलणारे प्रबंध मी पाहिले आहेत, आणि त्या लोकांनी आपल्या विषयाशी प्रामाणिकपणा ठेवला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

युती घेण्यासारखी एक वाट मला अजूनही दिसते आणि ती चांगली आहे: मॉस्को सोडून द्या आणि कुर्स्क किंवा केमेरोवो यांपैकी एक प्रांत धरा. प्रांतात युतीला स्वतःचा जीव होता. तिथे रुत्स्कोई किंवा तुलेयेव यांना केंद्रीय समितीचं ऐकावं लागत नव्हतं, उलट स्थानिक कम्युनिस्टांनाच गव्हर्नरांशी जुळवून घ्यावं लागे. माझ्या आडवी आलेली अडचण तिथे उलटी होते. १९९६ ते २००० एवढाच काळ घेतला तरी पुरे. प्रांतिक वर्तमानपत्रांपर्यंत पोचायची सोय असेल आणि मार्गदर्शक आकड्यांवर अडून बसले असतील, तर हे जरूर करा.

तशी सोय नसेल तर आघाडी घ्या, आणि वाचनाची सुरुवात ऑक्टोबर १९९२ च्या स्थापना अधिवेशनापासून करू नका. १२ आणि १३ फेब्रुवारी १९९३ या दोन दिवसांनंतरचे अंक आधी काढा, ‘सोव्हेत्स्काया रोसिया’ हे वर्तमानपत्र आणि साप्ताहिक ‘द्येन’ समोरासमोर ठेवा, आणि एकात कोणती बातमी वर आहे आणि दुसऱ्यात कोणती, ते पाहा.